मुळांचे सोयरे



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांनी आयुष्यभर विज्ञान मराठीतून शिकविले. मीही आजचा विषय शक्य तितक्या घरगुती मराठीत मांडणार आहे. गौलीगुडा या नावातच गवळी आहे. तेव्हा येथे शेणखताविषयी बोलण्यात संकोच कसला?

शेणखत हे पिकाचे अन्न, असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः ते प्रथम मातीतील सूक्ष्म जीवांचे अन्न असते, आणि त्यांच्या पंगतीतून पिकाच्या वाट्याला येते. मुळांना लगटून असलेल्या मातीच्या पातळ थराला जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ साली 'राइझोस्फिअर' हे नाव दिले. पानांनी उन्हात सिद्ध केलेल्या अन्नाचा काही अंश वनस्पती मुळांवाटे या थरात सोडते. त्यावर जिवाणू आणि कवके पोसतात. उलटपक्षी तुरीच्या गाठींतील ऱ्हायझोबियम हवेतील नत्र बांधून देतो, तर काही कवकांचे तंतू मुळांना न पोहोचणाऱ्या जागेतून स्फुरद आणून देतात.

मूळ स्वतःही स्वस्थ बसत नाही. याचा दाखला आपल्या शहराजवळच मिळाला. पाटणचेरूच्या 'इक्रिसॅट' संस्थेत, जपानी शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, तुरीची मुळे पिसिडिक आम्ल स्रवतात. तेलंगणातील तांबड्या जमिनीत स्फुरद लोहाशी जखडलेले असते. हे आम्ल लोहाला धरते आणि स्फुरद मोकळे होते. ज्वारीला न मिळणारे स्फुरद तुरीला मिळते, ते असे. ज्वारीत तूर घेणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे रसायन ठाऊक नव्हते. पीक मात्र त्यांनी अचूक निवडले होते.

आता सेंद्रिय खताकडे वळू. अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव आज जगभर घेतले जाते. परंतु त्यांच्या इंदूर कंपोस्ट पद्धतीवरील १९३१ च्या ग्रंथावर यशवंत वाड हे दुसरे नाव आहे, आणि ते आपण मराठी माणसेच विसरलो, याची मला खंत वाटते. पऱ्हाट्यांसारखा कठीण कचरा रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडायचा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांच्यासह त्याचे थर लावायचे, ओलावा राखायचा आणि तीन वेळा चाळवायचे. तीन महिन्यांत खत तयार.

हा खटाटोप कशासाठी? गव्हाच्या काडात नत्राच्या एका भागास कर्बाचे सुमारे ८० भाग असतात. असे कच्चे काड जमिनीत गाडले, तर ते कुजविणारे जिवाणू आपली गरज भागविण्यासाठी मातीतील नत्रच उचलतात. पीक पिवळे पडते, आणि शेतकरी सेंद्रिय खतालाच दोष देतो. खड्ड्यात ही भूक आधीच शमलेली असते.

जिवाणू संवर्धकाच्या पाकिटांचेही तेच. ती उपयुक्त आहेत, पण उन्हात पडलेले पाकीट म्हणजे निव्वळ भुकटी; आणि सेंद्रिय पदार्थ नसलेल्या जमिनीत बाहेरून आणलेले जिवाणू फार दिवस तग धरत नाहीत. कोरडवाहू शेतकऱ्याने हाती असलेल्या थोड्या पैशातून काय घ्यावे, असे मला कोणी विचारले, तर मी आधी खड्डा खणण्याची मजुरी सांगेन, पाकीट नंतर.