तारीख हरवलेल्या पाहुण्याचं गाव
(रेवदंडा येथील परिषदेत केलेलं स्वागताध्यक्षीय भाषण)



रशियाच्या इतिहासातल्या आणि संस्कृतीतल्या जयंत्या, शताब्द्या कशा साजऱ्या होतात, त्यांतून काय जपलं जातं आणि काय निसटतं, या विषयावर विचार करायला आपण आमच्या गावी आलात. एवढ्या मोठ्या विषयाला हे खाडीकाठचं गाव कसं सुचलं, असं मुंबईच्या एका गृहस्थांनी मला विचारलं. मी त्यांना शाळेच्या आवारातला काळ्या दगडाचा स्तंभ दाखवला. त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन याच गावच्या बंदरात उतरला, हे तो स्तंभ सांगतो. स्वागत समितीचा अध्यक्ष म्हणून माझा अधिकार एवढाच, की त्या पाहुण्याच्या गावचा मी रहिवासी आहे. रशियन इतिहासावर बोलण्याचा अधिकार आपला. मी गावाबद्दल बोलतो, आणि ते थोडं लांबलं तर आपण सांभाळून घ्या.

चौल आज पोफळीच्या आणि नारळाच्या वाड्यांचं गाव आहे. पण ग्रीक लोकांच्या पेरिप्लसमध्ये आणि टॉलेमीच्या भूगोलात या बंदराचं नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये चेमुलचा, म्हणजे चौलचाच, माणूस आहे. दहाव्या शतकात अल मसूदी इथं येऊन गेला. अरब या गावाला सैमूर म्हणत. शेजारच्या आक्षीत शके ९३४ चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे. रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची चाल होती. चौलात तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती, असं आमच्या आज्या सांगत. ती मोजायला मी कधी गेलो नाही. मात्र वाडीत कुदळ मारली की जुनी वीट निघते, हे इथला प्रत्येक बागायतदार सांगेल.

मार्च १५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमारानं पोर्तुगीजांना गाठलं आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा इथं पडला. १५२१ साली पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये निजामशाहीनं त्याला महिनोन्‌महिने वेढा घातला, तरी तो पडला नाही. १७४० साली तो मराठ्यांकडे आला. आपण उतरलात ती घरं त्याच कोटाच्या आत आहेत. ज्याला आम्ही सातखणी म्हणतो तो उंच मनोरा फ्रान्सिस्कन चर्चचा. कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याच्या वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली बोली घरात बोलतात. गावात बेने इस्राएल समाजाचं सिनेगॉग आहे. एवढ्या माणसांची ये-जा झालेल्या गावाला एक रशियन पाहुणा नवा नव्हता, असं कुणी म्हणेल. पण त्याला आम्ही नवे होतो, आणि त्यानं आमच्याबद्दल लिहून ठेवलं.

निकितिन त्वेरहून निघाला तो व्होल्गेच्या वाटेनं शिरवानला व्यापाराला. अस्त्रखानजवळ तातारांनी लुटलं. घरी कर्ज, हाती काही नाही. मग तो दरबंद, बाकू, इराण करत होर्मुझला आला. तिथून घोडे घेऊन हिंदुस्थानात येत, कारण इथं घोडे पैदा होत नसत आणि बहमनी राज्याला ते हवे असत. त्यानं एक घोडा घेतला आणि सहा आठवडे समुद्रातून येऊन चौलला उतरला. इथली माणसं उघड्या अंगानं फिरतात, केसांची एक वेणी घालतात, आणि मी कुठंही गेलो तरी गोरा माणूस बघायला मागं गर्दी होते, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं आहे. त्या गर्दीत आमचे पूर्वज होते. पुढं पालीवरून घाट चढून तो जुन्नरला गेला आणि पावसाळा तिथं काढला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, त्यातच नांगरणी-पेरणी चाललेली, असं तो लिहितो. कोकणातला पाऊस पाहिलेल्या माणसाला ते वाचताना परकं वाटत नाही. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून मुदत दिली. ऐन वेळी खुरासानचा एक मोठा माणूस आला, त्यानं रदबदली केली, आणि घोडा परत मिळाला. मग बिदर, श्रीशैलची शिवरात्र, गुलबर्गा, रायचूर. परतताना तो दाभोळहून जहाजात बसला. म्हणजे या देशात त्याचं येणं आणि या देशातून जाणं, दोन्ही कोकणच्या बंदरांतून झालं. त्वेर काही त्याला पुन्हा दिसलं नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे तो वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या.

आता आपल्या विषयाशी याचा संबंध. निकितिनची शताब्दी कधी करायची, यावरच विद्वानांचं एकमत नाही. पूर्वीच्या हिशेबानं प्रवास १४६६ ते १४७२; लेओनीद सेम्योनोव यांनी निकितिननं नोंदवलेले सण आणि मुसलमानी महिने पडताळून तो १४६८ ते १४७५ च्या सुमारास ओढला. मला यात सगळ्यात जवळची वाटते ती वेगळी गोष्ट. ज्याच्या तारखा आपण शोधतो त्याच्या स्वतःच्याच तारखा हरवल्या होत्या. लुटीत त्याची धर्मपुस्तकं गेली. त्यामुळे इस्टर कधी, नाताळ कधी, कोणता दिवस उपवासाचा, हे त्याला कळेना. मग तो आकाशातले तारे पाहून आणि आजूबाजूच्या मुसलमानांचे सण धरून अंदाजानं इस्टर पाळत असे, आणि हा दिवस चुकला तर नाही ना, या काळजीनं पानंच्या पानं भरत असे. परमुलखात एकट्यानं सण धरून राहणं ही मला तलवारीच्या पराक्रमाइतकी मोठी गोष्ट वाटते.

तारखेचा हा घोळ आपल्याला परका नाही. शिवजयंती तिथीनं की तारखेनं, यावर आपल्याकडे किती वाद झाले! रशियानं ३१ जानेवारी १९१८ नंतरचा दिवस १४ फेब्रुवारी धरला, म्हणून ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात आली आणि पुश्किनचा वाढदिवस मे महिन्यातून ६ जूनवर गेला. शताब्दी करणाऱ्यांना दरवेळी आधी पंचांग उघडावं लागतं. निकितिनच्या बाबतीत पंचांगाचा उपयोग थोडा, पण जागा पक्की आहे. वर्ष हललं तरी बंदर हललेलं नाही. म्हणून माझं म्हणणं असं की त्याचा उत्सव चौलला कोणत्याही वर्षी करता येतो.

१८६२ मध्ये रशियाच्या हजार वर्षांचं स्मारक नोवगोरोदला उभं राहिलं. त्यावर राजे, संत, सेनापती, लेखक असे शंभराहून अधिक पुतळे आहेत. हा व्यापारी त्यांत नाही. त्याला व्होल्गेकाठी पुतळा मिळाला १९५५ साली, तेव्हा त्वेरचं नाव कालिनिन होतं. दोनच वर्षांनी ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांचा ‘परदेसी’ आला. निकितिन झाले होते ओलेग स्त्रिझेनोव, सोबत नर्गिस आणि बलराज साहनी. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना त्या नटाचा चेहरा आठवतो, पण नाव घेताना ते ‘आपला परदेसी’ असंच म्हणतात.

यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या, दोन स्मृती मला या मंडपात मुद्दाम मांडायच्या आहेत. पहिली निकोलाय करामझिनची. रशियाच्या इतिहासाचा बारावा खंड अपुरा ठेवून तो १८२६ मध्ये गेला. यंदा दोनशे वर्षं झाली. मॉस्कोजवळच्या ट्रिनिटी-सेर्गियस मठाच्या ग्रंथसंग्रहात निकितिनच्या लेखनाची प्रत त्यानंच उजेडात आणली. साडेतीनशे वर्षं कागदात पडून राहिलेला माणूस त्याच्यामुळे पुन्हा चालू लागला. करामझिन नसता तर या शाळेत स्तंभ नसता. त्वेरच्या अभिमान्यांनी आणखी एक द्विशताब्दी ध्यानात घ्यावी: १८२६ मध्ये जन्मलेला साल्तिकोव-श्चेद्रिन, जो पुढं त्वेरचा उपराज्यपाल होता. त्याच्यावर इथं निबंध वाचले जाणार आहेतच.

दुसरी स्मृती आमच्या घरची आहे, आणि तिच्यावर मी थोडं थांबणार आहे. जोझे जेरसन द कुन्या. गोव्यातल्या हडफड्याचे, जन्म १८४४. शिकून डॉक्टर झाले आणि मुंबईत रोगी तपासू लागले. पण रोग्यांपलीकडे त्यांना जुनी नाणी, शिलालेख, ताम्रपट आणि पोर्तुगीज कागदपत्रं यांची ओढ होती. १८७६ साली त्यांचा चौल आणि वसईच्या इतिहासावरचा ग्रंथ निघाला. त्यात छायाचित्रं आहेत, नकाशा आहे, पडक्या चर्चमधल्या कबरींवरचे लेख वाचून उतरवलेले आहेत. त्यांतले कित्येक दगड आज जाग्यावर नाहीत, लेख मात्र त्यांच्या पानांवर आहेत. पुढल्याच वर्षी त्यांनी सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता छापली. कोंकणीवर लिहिलं, मुंबईच्या मूळ इतिहासावर लिहिलं, आणि १९०० साली ते गेले. त्यांच्या नावाची पाटी आमच्या गावात नाही. एकही नाही. चौलवर लिहिणारा प्रत्येक जण आजही त्यांच्याच पानांवरून चालतो, आणि चौलातल्या मुलांना ते नाव ठाऊक नाही, हे मला सलतं. ग्रंथाला यंदा दीडशे वर्षं होत आहेत. या परिषदेनं वाचनालयात त्यांच्या नावाचं एक कपाट लावण्याचा ठराव करावा, त्याचा खर्च आम्ही गावकरी उचलू. करामझिननं आमच्या पाहुण्याला शोधलं, जेरसन द कुन्यांनी आम्हाला. दोघांना एकाच मंडपात हार घालता येतो, याहून मोठा योग कोणता?

रशियाशी मराठी माणसाचं नातं एकतर्फी नाही, हेही नोंदवतो. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहून आले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. वाटेगावचा माणूस मॉस्कोत आणि त्वेरचा रेवदंड्यात, हा व्यवहार चोख झाला आहे.

आता व्यवस्थेबद्दल. गावात मोठं हॉटेल नाही. म्हणून आपल्याला घरोघरी उतरवलं आहे, आणि काही ठिकाणी न्हाणीघर मागच्या पडवीला आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पाणी विहिरीचं आहे. पिण्यासाठी उकळून गार केलेलं वेगळ्या पिंपात ठेवलं आहे, कृपया त्याच पिंपातलं घ्यावं. भरतीच्या वेळापत्रकामुळे काल संध्याकाळची रेवसची लाँच उशिरा आली आणि आठ-दहा पाहुण्यांना काळोखात एस.टी. पकडावी लागली. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. वीज गेली तर जनरेटर आहे, पण तो सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. वक्त्यांनी तेवढा वेळ थांबावं. इंटरनेट शाळेच्या कार्यालयातच नीट चालतं. अनुवादाची कानयंत्रं सगळ्यांना पुरली नाहीत, म्हणून पुढच्या चार रांगा रशियन न येणाऱ्यांसाठी राखल्या आहेत. उन्हाकडे मंडपाची बाजू उघडी राहिली आहे; दुपारनंतर तिथं ताडपत्री लावू.

आभारांची यादी मोठी आहे, पण एकही नाव गाळणं मला परवडणार नाही, म्हणून नावाऐवजी वाड्या सांगतो. आगरकोटातल्या मंडळींनी सगळ्या खोल्या झाडूनपुसून दिल्या. कोळीवाड्यानं तीन दिवसांची मासळी दिली आणि बर्फाचे पैसेही घेतले नाहीत. चौलच्या बागायतदारांनी नारळ, केळीचे घड आणि पानसुपारी पाठवली. बचत गटाच्या महिला पहाटे चारपासून तांदळाच्या भाकऱ्या थापत आहेत; वालाचं बिरडं, सोलकढी, मोदक सगळं त्यांच्याच हातचं आहे. मांडववाल्यानं भाडं निम्मं केलं. मुंबईला नोकरीत असलेल्या आमच्या गावकऱ्यांनी पगारातून वर्गणी पाठवली. शाळेचे शिक्षक सुटी न घेता राबले, आणि नववीच्या मुलांनी स्तंभ घासूनपुसून त्याच्याभोवती फुलझाडं लावली. सिनेगॉगची आणि चर्चची मंडळी, रामेश्वराचे विश्वस्त, मशिदीचे जबाबदार लोक यांनी आपापली आवारं गाड्या लावायला मोकळी केली. त्या सगळ्यांचा मी हात जोडून ऋणी आहे.

उद्या सकाळी साडेसहाला कोटाची फेरी आहे. सातखणीच्या पायऱ्यांवर चढू नये, दगड सैल झाले आहेत. ओहोटी असताना किनाऱ्यानं चालता येईल, तिथं मी स्वतः बरोबर असेन. रात्री वाडीत पोपटी लावणार आहोत. शाकाहारी मंडळींचं मडकं वेगळं आहे आणि त्यावर खूण केलेली आहे. माझ्या भाषणानं कार्यक्रम पंचवीस मिनिटं पुढं सरकला आहे, तेव्हा आता अध्यक्षांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करतो आणि चौल-रेवदंड्याच्या वतीनं आपल्या सर्वांचं स्वागत करतो.