तळ्यातला मासा आणि निकामी होणारी औषधे



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरीही आज मासळीबद्दल बोलणार आहे, कारण यातला मोठा धोका कॉपी-पेस्टचा आहे.

रोहू, कटला, मृगळ हे गोड्या पाण्यातले मासे आपण नेहमी खातो. त्यातले बरेचसे आंध्र प्रदेशातल्या तळ्यांमधून बर्फात भरून येतात. तळ्यात मासे दाटीने वाढवले, पाणी खराब झाले, की एरोमोनास हायड्रोफिला नावाचा जीवाणू बळावतो. माशांच्या अंगावर जखमा होतात, मासे मरतात. मग काही ठिकाणी खाद्यात अँटिबायोटिक मिसळतात. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे औषध माशाच्या अंगी फार थोडे लागते. उरलेले पाण्यात आणि गाळात जाते. तिथे कमकुवत जीवाणू मरतात, चिवट उरतात.

आता कॉपी-पेस्ट. जीवाणूंमध्ये प्लाझ्मिड नावाचे डीएनएचे छोटे कडे असते. औषधाला दाद न देण्याचा 'कोड' त्यावर असेल, तर एक जीवाणू तो दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्यालाही देतो. माशाच्या जीवाणूकडचा कोड असा माणसाला आजारी पाडणाऱ्या जीवाणूकडे पोहोचू शकतो. कोलिस्टिन हे डॉक्टरांच्या हातातल्या शेवटच्या औषधांपैकी एक. त्याला निकामी करणारे, प्लाझ्मिडवरून पसरणारे जनुक २०१५ मध्ये चीनमधून जगासमोर आले. २०१९ मध्ये भारताने कोंबड्या, जनावरे आणि मत्स्यपालनासाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. त्याच एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे.

मग मासे सोडायचे? मुळीच नाही. नीट शिजवल्यावर हे जीवाणू मरतात. धोका कच्चा मासा हाताळताना असतो. एरोमोनास हातावरच्या जखमेतूनही शिरतो. म्हणजे खाणाऱ्यापेक्षा जास्त जोखीम तळ्यात उतरणाऱ्या मजुराची, बाजारात मासे कापणाऱ्याची आणि घरी ते साफ करणाऱ्या अम्मीची.

मासा हलाल आहे, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण हलालसोबत तय्यिब, म्हणजे स्वच्छ आणि चांगले, हेही पाहायचे असते. मासा कसा वाढवला, हा प्रश्न त्यातच येतो.

तीन कामे आजपासून करा. कच्च्या मासळीची सुरी आणि पाट वेगळे ठेवा. हाताला जखम असेल तर मासे साफ करू नका. आणि मोहल्ल्यातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका, घरच्यांनाही घेऊ देऊ नका. तळेवाल्याला जाब विचारायचा, तर आधी आपला हात स्वच्छ हवा.