उभ्या गाडीची राखण



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलाविले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळविला, ‘उभ्या गाडीची राखण’. आमच्या लिहिण्यात काही चूक झाली असावी असे त्यांना वाटले. चूक झालेली नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण मालमोटारीच्या केबिनमध्ये, गावोगावच्या वाचनालयांत आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर झाले. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि गेली पंचवीस वर्षे मोटार कामगारांच्या संघटनेचा कार्यकर्ता, असा आमचा प्रवास. चालत्या गाडीविषयी पुष्कळ बोलले जाते. उभ्या गाडीविषयी मात्र कोणी बोलत नाही, म्हणून आज आम्ही तेवढेच बोलणार आहो.

आता सुट्ट्या लागतील. आपणांपैकी कोणी कोकणात जाईल, कोणी तुळजापूर-पंढरपूर करील. गाडी उभी करून आपण देवदर्शनाला जाल आणि परत येऊन पाहाल तो काच फुटलेली आणि आतली पिशवी गेलेली. मनाला मोठी चुटपुट लागते. पण दोन दिवसांनी आपण घरी परतता, दाराला कडी लावता आणि झोपता. ज्याची गाडी हेच घर आहे, त्याने काय करावे? मालमोटारीच्या केबिनमध्ये एकदा डोकावून पाहा. आसनामागे गुंडाळलेली वळकटी, पाण्याचा कॅन, छोटा स्टोव्ह, देवाची तसबीर आणि तिच्या कोपऱ्यात खोचलेला मुलांचा फोटो. महिन्याचे वीस-पंचवीस दिवस हा माणूस तिथे नांदतो. रात्री रस्त्याच्या कडेला उभे राहते ते त्याचे घर, आणि त्या घराच्या पाठीशी परक्याचा लाखो रुपयांचा माल असतो.

१९८८ सालची गोष्ट सांगतो. आम्ही तेव्हा अठरा वर्षांचे क्लीनर होतो. कोल्हापूरकडची साखर भरून आमची गाडी इंदूरला निघाली होती. दोन रात्री जागून काढल्यावर धुळ्याच्या पुढे एका ढाब्याबाहेर उस्तादांनी गाडी लावली. ढाब्याच्या अंगणात जागा नव्हती, म्हणून गाडी बाहेर अंधारात राहिली. उस्ताद केबिनमध्ये निजले, आम्ही वर ताडपत्रीवर अंग टाकले. पहाटे उठून पाहतो तो मागच्या अंगाची दोरी कापलेली, ताडपत्री फाडलेली, साखरेची सहा पोती गेलेली आणि टाकीतले निम्मे डिझेलही उपसून नेलेले. आम्ही त्या पोत्यांपासून दहा हातांवर झोपलो होतो. काही म्हणजे काही कळले नाही.

मालकाने चौकशी केली नाही. ‘तू झोपलास, तू भर,’ एवढे बोलून त्याने पाच महिने उस्तादांचा पगार कापला. उस्ताद भांडले नाहीत. त्यांनी एवढेच केले, की त्या दिवसापासून रात्री झोपणे सोडले. गाडी उभी केली की टामी मांडीवर घेऊन ते पहाटेपर्यंत बसत. आम्ही म्हणायचो, ‘उस्ताद, पाळीपाळीने जागू.’ ते म्हणत, ‘तू पोर आहेस, तुला झोप आवरायची नाही.’ तिसऱ्या खेपेला परत येताना चांदवडच्या अलीकडे, झुंजूमुंजू झाले असताना, गाडी सरळ रस्ता सोडून कडुनिंबावर गेली. आम्हांला खरचटले. उस्तादांचा उजवा पाय गुडघ्यातून काढावा लागला.

चोरांनी सहा पोती नेली. पाय कोणी नेला? आमच्या साऱ्या कार्याचा आरंभ या प्रश्नापासून झाला. ज्याने दिवसा गाडी हाकायची त्यानेच रात्री तिची राखण करायची, हा हिशेब जुळणारा नाही. मालाची चोरी एकदा होते, झोपेची चोरी रोज होते. आणि तिची किंमत रस्त्यावरच्या वाटेल त्या माणसाला, उद्या आपल्यालाही, द्यावी लागते.

यावर उपाय काय? पहिला उपाय जागेचा, कुलूप त्यानंतर. हे शहाणपण फार जुने आहे. मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या बैलांवर लादून फिरणारे लमाण तांडे मुक्कामाला उतरले की गोण्या एकावर एक रचून त्यांची भिंत करीत, माणसे तिच्या आडोशाला राहत आणि तांड्याची कुत्री जागी असत. एकट्याने उघड्यावर मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा नियम. तोच आजही लागू आहे. उजेड, सोबत आणि वर्दळ जिथे आहे तिथे गाडी लावावी. पेट्रोल पंप किंवा मोठा ढाबा दोन तास आधीच मनात धरावा. डोळे मिटू लागल्यावर जी जागा निवडली जाते, ती चोराच्या सोयीची असते.

दुसरा उपाय गाडी लावण्याच्या रीतीचा. फाळका भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीच्या फाळक्याला भिडवून लावावी, म्हणजे मागून हात घालता येत नाही. डिझेलची टाकी भिंतीच्या अंगाला यावी. टाकीच्या तोंडात जाळी बसविली तर नळी आत जात नाही. बॅटरीच्या पेटीला कुलूप आणि स्टेपनीला साखळी हवी. बॅटरीचा प्रवाह तोडणारा स्विच चटकन दिसणार नाही अशा जागी बसवावा. झोपण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून दोराच्या गाठी हाताने चाचपाव्या आणि उठल्यावर पुन्हा तेच करावे.

तिसरा उपाय सवयीचा. अनोळखी माणसाने आपलेपणाने दिलेला चहा-बिस्किट घेऊ नये. गुंगीचे औषध त्यातूनच जाते. ‘तुमच्या गाडीतून तेल गळते आहे’ असे कोणी सांगितले, तर किल्ली काढून आणि दार लावून मगच उतरावे. हे मोटारवाल्या मंडळींनाही लागू आहे. आसनावर पिशवी दिसू देऊ नये, मग ती रिकामी का असेना. चोराला ती रिकामी आहे हे काच फोडल्यावरच कळते. मूळ कागदपत्रे गाडीत ठेवू नयेत, डिजिलॉकरमधली प्रत कायद्याने चालते. फास्टॅगला आपलाच चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. चोरलेली गाडी नाका ओलांडते तेव्हा पैसे कापल्याचा संदेश माग देऊन जातो. आणि चोरी झालीच, तर ११२ ला फोन करून फिर्याद त्याच दिवशी नोंदवावी आणि विमा कंपनीलाही लगेच कळवावे. केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. पुष्कळांना हे चोरी झाल्यावरच कळते.

किल्लीविषयी एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. एका मालमोटारीचा ड्रायव्हर पत्ता विचारण्यासाठी खाली उतरला, किल्ली गाडीतच राहिली आणि गाडी गेली. विमा कंपनीने निष्काळजीपणाचे कारण देऊन दावा फेटाळला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात विम्याच्या रकमेचे तीन चतुर्थांश देवविले. माणसाची चूक होते, पण एका चुकीसाठी त्याचे सर्वस्व जाऊ नये, असा याचा अर्थ आम्ही घेतो. तरीही किल्ली काढून घ्या. एक चतुर्थांश तर गेलेच!

आता कायद्याकडे वळू. जुन्या दंडसंहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. घर, तंबू किंवा जहाज यांत माणूस राहत असेल, तर तिथल्या चोरीला सात वर्षांपर्यंत. तंबू आणि जहाज कायद्याला दिसले. केबिनमध्ये राहणारा माणूस दिसला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३०५ व्या कलमात माल वा प्रवासी वाहणाऱ्या वाहनाची आणि त्यातल्या मालाची चोरीही सात वर्षांच्या शिक्षेत आली. चांगले झाले. पण शिक्षा चोरी झाल्यानंतरची. त्या रात्रीचे काय?

१९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात असे कलम होते, की कामगारांना रात्री जिथे मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतिगृहाची सोय करावी. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच फार. कलम पुस्तकात राहिले, ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला राहिला. पगारकपातीचेही असेच. १९३६ च्या वेतन कायद्यात स्पष्ट होते, की नुकसान कामगाराच्या हयगयीने झाले असेल तरच कपात करता येते, आणि तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. २०१९ च्या वेतन संहितेतही म्हणणे मांडण्याचा हक्क कायम आहे. आमच्या उस्तादांना हे कोणी सांगितले नाही. आम्हांलाही ते वाचनालयात, त्यांचा पाय गेल्यावर कळले. म्हणून आज सांगतो: थकलेल्या माणसाने झोपणे ही हयगय नव्हे.

२०२१ साली आपल्या राज्याने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ज्या गाडीत पलंग आहे, स्वयंपाकाची सोय आहे, ती घेऊन लोकांनी हिंडावे आणि ती उभी करण्यासाठी पाणी, वीज असलेली खास उद्याने व्हावीत, अशी ती कल्पना. आमचा तिला विरोध नाही. लोकांनी खुशाल हिंडावे. आमचे म्हणणे इतकेच, की हौसेने गाडीत राहणाऱ्यासाठी सुरक्षित जागा लागते हे ज्यांना समजले, त्यांना पोटासाठी गाडीत राहणाराही दिसावा. २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. वैशाखात काच उघडी टाकून झोपण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्यालाच तिचे मोल कळेल. पण इंजिन बंद केले की ती थंडाईही संपते, आणि रात्रभर इंजिन चालवायचे तर डिझेल कोणाचे? शेवटी मुद्दा जागेवरच येतो.

या सभेत व्यापारी मंडळी आहेत, वखारवाले आहेत, नगरसेवकही बसलेले दिसतात. आम्ही मोर्चा घेऊन आलो नाही. एक साधे मागणे घेऊन आलो आहो. आपला माल घेऊन गाडी रात्री अकराला आपल्या वखारीशी पोहोचते. वखार सकाळी नऊला उघडते. ते दहा तास गाडी फाटकाबाहेर उभी असते आणि दिवसभर हाकून आलेला माणूस आपल्याच मालाची राखण करीत बसतो. फाटकाच्या आत आपला पहारेकरी आहे, दिवा आहे, पाण्याचा नळ आहे. रात्री फाटक उघडून गाडी आत घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे. त्याला कायदा लागत नाही, खर्चही येत नाही. गावाने नाक्यावर चार दिव्यांचा, कुंपणाचा वाहनतळ केला, तर ज्यांची वखार लहान आहे त्यांचीही सोय होईल.

आमचे उस्ताद पुढे गावी पानाची टपरी चालवीत. आम्ही भेटीस गेलो की ते विचारायचे, ‘रात्री गाडी कुठे लावलीस?’ खुशालीचा प्रश्न त्यानंतर. आज रात्री आपण घरी जाल, दाराला कडी लावाल. तेव्हा आपल्या गावाच्या वेशीवर किती गाड्या उभ्या आहेत आणि त्यांतले किती जण जागे आहेत, याची एकदा आठवण करावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.