किल्ली कोणाच्या कमरेला?



 काल सायंकाळपासून या मंडपात एक वाक्य इतक्या वेळा माझ्या कानी पडले आहे की, त्याचा निकाल लावल्याखेरीज दुसरे काही बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. गावोगावच्या पाठशाळा ओस पडल्या, त्याविषयी बोलताना एक गृहस्थ म्हणाले, ‘ज्याचा त्याचा कर्मोदय’. यंत्रमागावरच्या मजुराच्या मुलीचे शिक्षण सुटले, त्याविषयीही तेच म्हणाले. आणि समोर बसलेल्या कित्येकांनी माना डोलावल्या. माझा त्या वाक्यावर स्पष्ट आरोप आहे : ते जैन नाही. ते सटवाईचे आहे. सटीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लेख लिहून जाते, ही समजूत आपण शेजारीपाजारी ऐकून उचलली आणि तिच्यावर कर्मसिद्धांताची मोहर उमटवून ती राजरोस चालवली.

जैन दर्शनात कपाळावर लिहिणारा कोणी नाही आणि फळ वाटणारा ईश्वरही नाही. कर्म हे पुद्गल आहे, सूक्ष्म द्रव्य आहे. मन, वचन आणि काया यांच्या स्पंदनाने ते जीवाकडे ओढले जाते आणि क्रोध, मान, माया, लोभ या कषायांच्या ओलीने चिकटते. हे समजावयाला सोलापूरकराला पोथी उघडावी लागत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये दुपारी घटकाभर उभे राहा : सुताची बारीक धूळ हवेत सर्वत्र सारखीच तरंगत असते, पण घामेजलेल्या दंडावर तिचा पांढरा थर बसतो आणि खुंटीवरच्या कोरड्या सदऱ्यावरून ती एका झटक्यात निघून जाते. (दृष्टांत ओलीपुरताच घ्यावा, कष्टकऱ्याच्या घामाला कषाय म्हणण्याचे पाप मी करणार नाही.) धूळ कोणी शिक्षा म्हणून पाठवलेली नसते, ओल कोणाची, हा खरा प्रश्न.

आपल्यातल्या पेढीवाल्यांना कर्जरोखा वाचता येतो, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो. बंधाचे चार प्रकार : कर्ज कोणत्या जातीचे ती प्रकृती, मुद्दल किती ते प्रदेश, मुदत ती स्थिती आणि वसुलीचा कडकपणा तो अनुभाग. यांपैकी पहिले दोन योगाने, म्हणजे मन-वचन-कायेच्या त्या स्पंदनाने, ठरतात, मागले दोन कषायाने. म्हणजे मुदत आणि कडकपणा या दोन्ही कलमांवर सही आपल्याच मनोभावांची असते. आणि रोखा लिहून झाला तरी तो दगडावरची रेघ होत नाही. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या गोम्मटसारात कर्माच्या ज्या दहा अवस्था सांगितल्या आहेत त्यांत, मुदत वाढवणारे उत्कर्षण आहे तसे ती घटवणारे अपकर्षण आहे, एका पोटप्रकाराचे दुसऱ्यात रूपांतर करणारे संक्रमण आहे, मुदतीपूर्वी फेड करून टाकणारी उदीरणा आहे, उदय थोपवून धरणारा उपशम आहे. या साऱ्यांकडे पाठ फिरवून एकट्या निकाचितावर, म्हणजे मुळीच न बदलणाऱ्या बंधावर, बोट ठेवणाऱ्यांना मी विचारतो की, जिनबिंबाच्या दर्शनाने निधत्त आणि निकाचित अशा घट्ट कर्माचेही बंध तुटतात असे वीरसेनांच्या धवला टीकेत सांगितले असताना, तुम्ही रोज देवळात जाऊन नेमके काय पाहता?

एक हकिगत सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव घेणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका मंदिरात हस्तलिखितांचे कपाट आहे असे कळल्यावरून मी तेथे गेलो. किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांनी आधी पाहुणचार केला, मग सबबी सांगितल्या : पर्युषणानंतर या, पंचांची बैठक होऊ द्या, वडीलधारे परगावी आहेत. मी सात वेळा गेलो. अखेर कपाट उघडले तेव्हा लाल वेष्टने जशीच्या तशी होती. एकाची गाठ सोडली, तर आतून भुसा आणि माती ओंजळीत आली. लाकडी पाटी शाबूत, कडेची चार बोटे कागद शाबूत, त्यावर तांबड्या शाईचे दोन दंड, आणि मधला सगळा ग्रंथ वाळवीने खाल्लेला. किल्लीवाले गृहस्थ हळहळले, आणि म्हणाले, ‘ग्रंथाचाच कर्मोदय, दुसरे काय!’

त्या दिवशी मी गप्प राहिलो, याची मला आजही लाज वाटते. म्हणून उत्तर आज देतो. ग्रंथ अजीव आहे. अजीवाला कर्माचा बंध नाही आणि उदयही नाही. त्या कपाटापाशी बंध झाला असेल तर तो जीवालाच, आणि तेथे उभे असलेले जीव आम्ही होतो : किल्ली दाबून ठेवणारे ते, आणि त्यांचा रोष नको म्हणून सात वेळा मुकाट्याने परतणारा मी. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञान झाकणाऱ्या ज्ञानावरण कर्माच्या आस्रवाची, म्हणजे ते जीवाकडे ओढले जाण्याची, कारणे दिली आहेत. त्यांत ज्ञान दडवणे हा निह्नव आहे, पात्र माणसाला ते न देणे हे मात्सर्य आहे, त्याच्या मार्गात आडवे येणे हा अंतराय आहे. आपल्या ज्ञानावर जे पटल येते ते दुसऱ्याच्या ज्ञानाला कुलूप लावल्याने दाट होते, इतका सरळ हा हिशेब आहे.

आणि हे सोलापुरात सांगावे लागावे, याचे मला दुःख आहे. कर्मसिद्धांताचा मूलग्रंथ जो षट्खंडागम, धरसेनाचार्यांकडून पुष्पदंत-भूतबलींनी घेतलेला आणि वीरसेनांनी धवला टीकेने उजळलेला, तो शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर होता. ज्यांनी तो सांभाळला त्यांचे ऋण मी मानतो. परंतु सांभाळता सांभाळता तो वाचण्याऐवजी केवळ दर्शनाचा विषय झाला. १८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद तेथे गेले आणि त्यांनी आपल्या सोलापूरच्या मित्राला, शेठ हिराचंद नेमचंदांना, ही गोष्ट कळवली. हिराचंद स्वतः जाऊन ताडपत्रे पाहून आले. पुढे निधी जमवण्यातच सुमारे दहा वर्षे गेली. आणि १८९६ पासून १९२२ पर्यंत नकलांचे काम चालले, तेही प्रती भांडाराबाहेर जाऊ नयेत या अटीवर. नकलाकारांपैकी मिरजेच्या गजपती उपाध्यायांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या साहाय्याने घरी गुपचूप एक कानडी लिपीतली प्रत तयार केली आणि ती घेऊन ते सोलापुरास हिराचंदांकडे आले. ज्या ग्रंथासाठी आयुष्य वेचले तो दारात आला असताना, चोरून केलेली प्रत नीतीला धरून नाही म्हणून हिराचंदांनी ती नाकारली, आणि माणिकचंदांनाही घेऊ नका म्हणून लिहिले. ती प्रत सहारनपूरला गेली, तिच्यापासून नकला झाल्या, आणि १९३९ मध्ये अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला भाग प्रकाशात आणला.

‘बघा, ग्रंथाचे भाग्य!’ असे म्हणून या हकिगतीतूनही सुटण्याची वाट काही लोक काढतात. मी ती वाट बंद करतो. गजपतींचे धाडस गजपतींच्या खाती, हिराचंदांचा नकार हिराचंदांच्या खाती, आणि चोरीवाचून ज्ञान बाहेर येऊच नये अशी वेळ आणणाऱ्या कुलपाचा हिशेब कुलूप घालणाऱ्यांच्या खाती. माझे मत विचाराल तर, त्या नकारात कर्मसिद्धांत मला जितका स्पष्ट दिसतो तितका तो पुष्कळ प्रवचनांत दिसत नाही.

ग्रंथ छापला जाऊ लागला तेव्हा गृहस्थाला सिद्धांत वाचण्याचा अधिकार नाही, अशी हाकाटी झाली. आणि तिचे पडसाद काल येथेही उमटले. निगोदातल्या, म्हणजे अगदी खालच्या पायरीवरच्या, जीवाच्या ठिकाणीही ज्ञानाचा अत्यल्प अंश सदैव उघडा राहतो, तो झाकण्याचे सामर्थ्य कोणत्याही आवरणात नाही, असे आपले आगम सांगतात. जे ज्ञानावरणाला साधत नाही ते साधण्याची सनद तुम्हाला कोणी दिली? या सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी षट्खंडागमाचे संपादन केले आणि १९६५ साली ते फलटणहून प्रसिद्ध झाले. अधिकाराच्या वादाला यापेक्षा मोठा दाखला मी शोधत नाही.

उरला दुसरा पक्ष, जो कुंदकुंदांचा समयसार हाती घेऊन म्हणतो की, आत्मा शुद्धच आहे, त्याला बंध कसला! कुंदकुंदांनी शिकवलेले भेदविज्ञान राग आलेल्या क्षणी राग आणि त्याला जाणणारा हे वेगळे ओळखण्यासाठी आहे. उधारी बुडवण्यासाठी नव्हे. क्रोधाच्या भरात एकदा तरी ज्याने हा निवाडा केला असेल त्याच्याशी मी निश्चयनयाची, म्हणजे आत्म्याला शुद्धच पाहणाऱ्या दृष्टीची, चर्चा आनंदाने करीन, इतरांशी नाही.

मंडपाच्या दाराशी मी एक वही ठेवली आहे. आपल्या घरी, मंदिरात, मठात जी हस्तलिखिते असतील त्यांची नावे, पानांची संख्या, आजची अवस्था आणि किल्ली कोणाकडे आहे, एवढे रकाने तीत आखले आहेत. माझ्या घरातल्या दोन पोथ्यांची नोंद पहिल्या पानावर आहे. एकीच्या कडेला वाळवी लागली आहे, तेही मी लिहिले आहे, आणि किल्लीच्या रकान्यात माझे नाव आहे. संध्याकाळी मंडप उतरवण्यापूर्वी ती वही मी वाचून दाखवीन.