नखे कुरतडणारे मूल

नखे खाण्याची सवय साधारणपणे तीन-चार वर्षांच्या पुढे दिसू लागते, शाळेच्या वयात वाढते आणि बहुतेकांच्या बाबतीत मोठेपणी मागे पडते. अंगठा चोखण्याशी तिची गल्लत होते, पण दोन्हींची वेळ निराळी असते. अंगठा चोखणारे मूल बहुधा झोपेला आलेले असते. नख कुरतडणारे मूल टक्क जागे असते आणि बऱ्याचदा कशाची तरी वाट पाहत असते: शाळेच्या व्हॅनची, बाईंच्या प्रश्नाची, कार्टूनमधल्या पुढच्या प्रसंगाची.

ही सवय आजच्या धकाधकीची देणगी आहे, असे पुण्यात पालकांच्या बोलण्यात नेहमी येते. ते खरे नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दातांनी नखे तोडण्याला मनाई आहे आणि नखे खाणाऱ्याचा लवकर नाश होतो, अशी धमकीही आहे. ज्या अर्थी धमकी द्यावी लागली, त्या अर्थी लोक नखे खात होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मात्र धमकी नाही, पंधरवड्यातून तीनदा नखे कापण्याचा साधा नियम आहे. म्हणजे दर पाच दिवसांनी एकदा. लहान मुलाच्या बाबतीत हा नियम आजही जसाच्या तसा उपयोगी पडतो, कारण कुरतडण्याची सुरुवात पुष्कळदा नखाच्या खरबरीत कडेपासून किंवा बाजूच्या सुटलेल्या सालपटापासून होते. बोटाला टोचणारी ती कड दाताने काढायला मूल जाते आणि मग थांबत नाही. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा नखे कापून कड घासून गुळगुळीत करावी आणि रात्री नखांच्या मुळाशी खोबरेल तेल चोळावे. तोंडात घालायला काही उरत नाही.

सवयीने होणारे नुकसान कमी लेखू नये आणि फुगवूनही सांगू नये. नखाच्या कडेची कातडी फाटली की जंतू शिरतात आणि नखुरडे होते, बोट ठणकते आणि पू धरतो. नखाखाली सुतकृमींची अंडी अडकतात. मूल बोट तोंडात घालते आणि जंत पुन्हा पोटात जातात. नखाजवळ चामखीळ असेल तर ती ओठांपर्यंत पसरू शकते. वर्षानुवर्षे जोर लावून कुरतडल्यास पुढच्या दातांची धार झिजते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांची पाहणी वर्षानुवर्षे चालू आहे. तिच्यात अंगठा चोखणाऱ्या आणि नखे खाणाऱ्या मुलांना तेराव्या वर्षी त्वचाचाचणीत ॲलर्जीची प्रवृत्ती कमी आढळली. २०१६ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध करतानाच संशोधकांनी सवयीला उत्तेजन देऊ नये, असे स्पष्ट म्हटले. पालकांनी त्यातून एवढेच घ्यावे की घाबरून जाण्यासारखे काही नाही.

नखे खाणारे मूल घाबरट असते, हा समज अर्धवट खरा आहे. नवी शाळा, घरात आलेले तान्हे बाळ, आईवडिलांचे भांडण यांमुळे सवय वाढते हे खरे. पण कंटाळा, एकाग्रता आणि घरातल्या मोठ्यांचे अनुकरण ही कारणेही तितकीच बळकट आहेत. अवघड बेरीज करताना मुलाचे बोट तोंडात जाते, तेव्हा ते घाबरलेले नसते, विचारात गढलेले असते. म्हणून उपायाआधी निरीक्षण हवे. आठवडाभर एका वहीत फक्त नोंद करावी: बोट तोंडात गेले तेव्हा वेळ कोणती होती, मूल कुठे होते आणि हात काय करत होता. या दिवसांत मुलाला एकदाही टोकू नये. बहुतेक घरांत आठवड्याअखेर दोन-तीनच ठरलेल्या जागा निघतात: व्हॅनमधला अर्धा तास, टीव्हीसमोरचा पाट, शुद्धलेखनाची वही. आणि त्या प्रत्येक ठिकाणी एक हात तरी रिकामा असतो.

इथेच उपायाचे मर्म आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नेथन ॲझरिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ साली सवय पालटण्याची एक पद्धत मांडली. तिचे मुख्य भाग दोन. आपला हात तोंडाकडे निघाला आहे हे आधी त्या माणसाला कळले पाहिजे. आणि तसे कळताच, नखे खाणे अशक्य होईल अशी दुसरी कृती त्याच हाताने केली पाहिजे, उदाहरणार्थ मूठ घट्ट धरून ठेवणे. लहान मुलासाठी याचा खेळ होतो. आई आणि मूल मिळून एक खूण ठरवतात. आईने दोनदा चुटकी वाजवली की मुलाने मूठ वळून दहापर्यंत मोजायचे. चारचौघांत नाव घेऊन ओरडावे लागत नाही, आणि खूण मुलाने स्वतः निवडली असेल तर ती अधिक चालते.

चार-पाच वर्षांच्या मुलाला मुठीपेक्षा खरे काम अधिक रुचते, आणि मराठी घरात अशा कामांचा तोटा नाही. टीव्ही पाहताना मटार सोलावेत, भुईमुगाच्या शेंगा फोडाव्यात. पोळ्या चालू असताना कणकेचा गोळा हातात द्यावा. व्हॅनच्या प्रवासासाठी खिशात चार मोठी बटणे ओवलेली दोरी असावी. दिवाळीत पुण्याच्या वाड्यांतून आणि सोसायट्यांतून मुले मातीचा किल्ला करतात, तेव्हा कोपरापर्यंत माखलेला हात तोंडात जात नाही. गणपतीआधी शाडूची मूर्ती घडवतानाही तेच घडते. काम संपल्यावर हात साबणाने धुणे मात्र चुकवू नये.

कडू लावण्याचा उपाय घरोघरी आधी सुचतो. कडुलिंब किंवा कारल्याचा रस मुलाला विश्वासात घेऊन, आठवणीपुरता लावल्यास हरकत नाही. नकळत लावला तर ती शिक्षा होते. मिरची कधीही लावू नये. तेच बोट डोळ्यात जाते. औषधांच्या दुकानात मिळणारे कडू द्रव अगदी लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

रागावणे, चिडवणे, पाहुण्यांसमोर बोटे दाखवायला लावणे यांनी सवय वाढते, कारण लाजलेल्या मुलाचा हात पुन्हा तोंडाकडेच वळतो. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक यांनी भीती दाखवून मुलाला वळण लावण्याला आयुष्यभर विरोध केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. वर्गात बोटांवरून हसे करणे हा छळच आहे. बक्षिसांबद्दलही हात आखडता ठेवावा. नख वाढलेले दिसले की मुलाला ते स्वतः पाहू द्यावे, हवे तर त्यावर मेंदीचा ठिपका काढावा. वडीलच फोनवर बोलताना नखे खात असतील, तर दोघांनी एकाच दिवशी सुरुवात करावी.

बोटांतून वारंवार रक्त येणे, पू धरणे, सोबत केस उपटणे, झोप उडणे, शाळेचे नाव काढताच पोटात दुखणे, यांपैकी काही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, गरज भासल्यास ते बालमानसतज्ज्ञांकडे पाठवतात. 'टेली मानस' या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि ती विनामूल्य आहे.

बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे पांढरी कड दिसायला दोन-तीन आठवडे आणि पूर्ण नवे नख यायला सहा महिने लागतात. मधल्या काळात आजारपणात, परीक्षेत किंवा जूनमध्ये शाळा उघडताच सवय परत येते. अशा वेळी पहिल्या आठवड्याची वही पुन्हा काढावी आणि रिकाम्या हाताची नवी जागा शोधावी.