महालातले सर गंगाधरराव
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, कोराडी येथे केलेले भाषण)



शाळेत तोंडी परीक्षेला मला ग्लॅडस्टन विचारला होता, आणि चक्क आला होता! पण त्याच व्हिक्टोरिया राणीच्या काळात आपल्या नागपुरातला एक माणूस कायदे कौन्सिलात बसत होता, हे मला पन्नाशीनंतर कळलं. सिव्हिल लाइन्समधलं चिटणवीस सेंटर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्या घराण्यातले सर गंगाधरराव माधव चिटणवीस.

घराणं भोसल्यांच्या चिटणिशीचं, महालातलं, मोठे मालगुजार. 1892 च्या कायद्यानंतर 1893 मध्ये गंगाधरराव व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मध्य प्रांतातून नेमले गेले. आता हिवाळ्यात आमदार नागपूरला येतात. तेव्हा गंगाधररावांना कलकत्त्याला जावं लागे. आपल्या प्रांताला स्वतःचं कौन्सिल मिळालं ते 1914 मध्ये. आणि 1892 च्या कायद्याखाली कलकत्त्याला अधिकार किती? अर्थसंकल्पावर बोला, पण मत देऊ नका. प्रश्न विचारा, पण उपप्रश्न नाही. सर, तुमच्या तासाला आम्ही याहून जास्त बोलायचो.

मात्र त्यांचं कौतुक करताना माझी जीभ थोडी जड होते. आमचे आबाजी मालगुजारी गावात कूळ होते. वाड्याच्या दारात चपला काढायच्या आणि अंगणात उभं राहायचं. इंग्रजांनी 1860 नंतर मालगुजारांना गावाचे मालक केलं, आणि प्रांताचा आवाज म्हणून माणूस निवडला तोही त्यांच्यातलाच. कुळांबद्दलचा 1898 चा कायदाही व्हाइसरॉयच्या कौन्सिलातच झाला. तिथं कूळ कोणी नव्हतं.

तरी हेही खरं, की प्रश्न विचारायची ती अपुरी सवय गंगाधररावांसारख्यांनीच आधी लावली. 1921 मध्ये प्रांताच्या नव्या कौन्सिलाचे ते पहिले अध्यक्ष झाले. तेही नेमलेलेच, निवडून आलेले नव्हेत.

1951 मध्ये मालगुजारी गेली. लगेच पहिली निवडणूक आली. बाबा, म्हणजे माझे वडील, पुढे इथल्या वीज केंद्रात लागले. ते सांगायचे, आबाजी मत द्यायला धुतलेलं धोतर नेसून गेले. केंद्राच्या दारात थांबले, चपला काढल्या, आणि मग आत गेले.