आमच्या घरी येणारं मूल
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सचिवसाहेबांनी मला ‘नाताळच्या आठवणी’ हा विषय सुचवला होता. पण सध्या आमच्या घरात वेगळ्याच गोष्टीची वाट बघणं चालू आहे. जिन्यात थोडंफार कानावर आलंच असेल, तेव्हा त्यावरच बोलते. आम्ही मूल दत्तक घेतोय.

बहुतेकांनी पहिला प्रश्न विचारला, “तुमच्यात दत्तक चालतं का?” प्रश्न रास्त आहे. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी यांच्यासाठी होता तो 1890 चा पालकत्वाचा कायदा. म्हणजे मूल आणा, वाढवा, शिकवा. कागदावर मात्र तुम्ही आईबाप नाही, नुसते पालक, आणि तेही मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. आपोआप वारसाहक्क नाही. माझ्या मावशीनं अशीच एक मुलगी वाढवली. ती अठराची झाली त्या वर्षी काका मृत्युपत्र करायला वकिलाकडे गेले. आपल्याच लेकीला घर मिळावं म्हणून वेगळा कागद करावा लागतो, हे मावशीला शेवटपर्यंत टोचत राहिलं.

आपली सोसायटी उभी राहत होती त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात एका ख्रिस्ती जोडप्याच्या अर्जावर न्यायमूर्ती रिबेलो यांनी निकाल दिला. टाकून दिलेल्या मुलाला घर आणि नाव मिळणं हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यांनी मानलं. पुढं बाल न्याय कायद्यात दत्तकाची सोय झाली, आणि 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शबनम हाश्मी प्रकरणात स्पष्ट केलं की त्या कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. मावशी तोवर गेली होती.

दुसरा प्रश्न, “घारपुरे घाटावरच्या आधाराश्रमातूनच आणणार ना?” तसं जाऊन मूल निवडता येत नाही. दिल्लीच्या ‘कारा’ या सरकारी संस्थेकडे ऑनलाइन नोंदणी करायची. मग समाजसेविका घरी येतात. आमच्याकडे आलेल्या बाईंनी पगारापेक्षा आमच्या भांडणांचीच जास्त चौकशी केली! घरात पाच वर्षांवरचं मूल असेल तर त्याचीही संमती लागते. आमच्या लेकीनं ती दिली, वर बाईंना विचारलं, “बाळाला माझी सायकल द्यावीच लागेल का?” आता आम्ही यादीत आहोत. नंबर लागला की फोटो आणि वैद्यकीय अहवाल येईल, आणि 48 तासांत कळवायचं. वाट बघायला वर्षं, होकाराला दोन दिवस.

“पुण्याचं काम करताय,” असं प्रेमानं म्हणणारेही पुष्कळ. ते ऐकलं की मी अवघडते. आम्हाला मूल हवंय म्हणून आम्ही मूल आणतोय. उद्या त्याच्या कानावर हे पुण्य पडलं तर ते जन्मभर उपकार फेडत बसेल. मोशे फारोच्या मुलीनं वाढवला, एस्तेरला मर्दखयानं. आमच्या संडे स्कूलमध्ये या गोष्टी सांगतात, पण त्या मुलांना काय वाटलं असेल हे कुणी विचारत नाही.

शरणपूर रोडनं आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मिशनच्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहिली, शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांचा देह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत तो होता. माझे सासरे ही गोष्ट अभिमानानं सांगतात. माझं मन मात्र त्या नावाशी अडतं. या मुलाला आईनं काय नावानं हाक मारली असेल? म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय, बाप्तिस्म्यात नवं नाव मिळालं तरी संस्थेत ज्या नावानं हाक मारतात ते घरात चालू ठेवायचं. आणि तू दत्तक आहेस, हे त्याला आमच्याकडूनच, अगदी लहानपणापासून कळेल. तेव्हा कुजबुजायची गरज नाही. मुलांनी विचारलं तर सरळ सांगा. जात कुठली, रक्त कुणाचं, हे मात्र विचारू नका. ते आम्हालाही ठाऊक नसेल.

नोंदणीसाठी ओळखीच्यांची दोन पत्रं लागतात. आमची दोन्ही याच इमारतीतून मिळाली. त्यांतल्या एक काकू आजही लिफ्टपाशी भेटल्या की विचारतात, “फोन आला का गं?” नाही आला अजून, काकू. पण विचारत जा.